दोनशे बारा नंबरची सावली

शिवलिंगप्पा झाडांशी कन्नडात बोलायचा. माणसांशी मराठीत, आणि तेही अगदी अडलं तरच.

मी उद्यान खात्यात क्लार्क म्हणून चिकटलो ते एकोणीसशे शहात्तरच्या जानेवारीत. मोडनिंबच्या शाळेत गणितात मी दरवर्षी पस्तीस मार्कांच्या आसपास घुटमळलेला, आणि आमचे अधीक्षक हिंदुराव साहेब यांनी मला पहिलंच काम दिलं ते मोजणीचं. सोलापुरातली रस्त्याकडेची झाडं मोजायची, बुंध्यावर चुन्याचा पट्टा मारायचा, त्यावर काळ्या रंगानं नंबर घालायचा आणि झाडाचं नाव, घेर, ठिकाण रजिस्टरात उतरवायचं. माझ्याबरोबर माहितगार म्हणून शिवलिंगप्पा माळी. मूळचा मंद्रूपचा, एकतीस वर्षं नोकरी झालेला, मे अखेर रिटायर होणारा. उंच, सुकलेला, डोक्याला धुवट पटका. मी त्याला अप्पा म्हणायचो. तो मला साहेबांसमोर 'क्लार्कसाहेब' म्हणायचा आणि साहेबांची पाठ वळली की 'बाळासो'.

त्याच्या पिशवीत कायम एक पक्कड असे. झाडाला पाटी ठोकलेली दिसली की हा थांबणार, पाटी उतरवणार, खिळे उपटणार, आणि भोकात ओली माती दाबून वर अंगठ्यानं सारवणार. मग पाटी बुंध्याशी अदबीनं टेकवून ठेवणार, जणू पाटीचा काही दोष नाही. एका लिंबातून त्यानं माझ्यादेखत सतरा खिळे काढले. पाटी दातांच्या डॉक्टरची होती.

"अप्पा, एवढे दात तर माणसालासुद्धा नसतात काढायला," मी म्हणालो.

"माणूस वरडतो की," तो म्हणाला. "ह्याला वरडता येत न्हाय म्हणून सतरा."

बहात्तरच्या दुष्काळातली त्याची गोष्ट खात्यात अजून सांगतात. टँकर माणसांनाच पुरेना, तेव्हा हा घरोघरी फिरून भांड्यांचं, अंघोळीचं पाणी मागायचा आणि घागरीनं रस्त्याच्या झाडांना घालायचा. लोक त्याला येडा म्हणायचे. पाणी मात्र द्यायचे.

त्याची बायको सिद्धम्मा दवाखान्याच्या भिंतीपलीकडं, रस्त्याच्या वळणावर एका मोठ्या शिरीषाखाली फुटाणे विकायची. तिला मी मावशी म्हणायचो, त्यामुळं मूठभर फुटाणे नेहमी जास्त मिळायचे. ती जितकी बोलकी तितका हा मुका. "एकतीस वर्षं ह्यांनी झाडांसंगं संसार केला," ती म्हणायची, "मी आपली झाडाखाली बसून राहिले, कदी नजर पडली तर पडली."

अप्पाची एक रीत होती. तिच्यावरच हे सगळं उभं आहे, म्हणून नीट सांगतो.

झाड तोडायचा हुकूम निघाला की आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, तो त्या झाडाला सांगायला जायचा. फेब्रुवारीत होटगी रस्त्यावरची एक वठलेली बाभळ काढायची होती, तेव्हा मीही गंमत म्हणून गेलो. त्यानं बुंध्यावर तीन बोटांनी विभूती ओढली, तळहात टेकला आणि हळू आवाजात कन्नडात काहीतरी म्हणाला. मग तांब्यातलं पाणी बारीक धारेनं सोडत सोडत चालायला लागला तो थेट शंभर पावलांवरच्या पिंपळापर्यंत. उरलेलं पाणी त्याच्या मुळाशी ओतलं. एकदाही मागं वळला नाही.

"काय सांगितलंत तिला?"

"उद्या तुला काढणार. आत कोण राहत असंल त्यानं आजच निघा. जागा मी बघितलीय. नन्न हिंद बर्री. माझ्या मागनं या."

"आणि कोण आलं मागनं?"

"बघायचं नसतंय. बघितलं की ते थांबतंय. थांबलं की त्याला समोरचा माणूसच पायजे. मग दुसरं झाड चालत न्हाय."

"मराठीत सांगितलं तर चालतं का?"

तो थोडा विचारात पडला. "चालतंय. पण मराठीत वाद घालत्यात."

मी घरी येऊन हसलो. खोलीतल्या दोघा सोबत्यांनाही हसवलं. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. त्या पिंपळाखालून परतताना पाण्याची धार जिथून गेली होती तिथं मातीवर दोन्ही बाजूंनी बारीक रेघा उमटल्या होत्या, वाळकी फांदी ओढत नेल्यावर उमटतात तशा.

मार्चमध्ये आम्ही दवाखान्याच्या रस्त्यावर आलो. एका संध्याकाळी दवाखान्याच्या दारातल्या लिंबावर मी दोनशे बारा घातला, तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला आणि मी रंगाचा डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या हातचा चहा पीत, फुटाणे खात, भिंतीपलीकडच्या शिरीषापासून पुढं सुरुवात केली. आदल्या दिवशीचा शेवटचा नंबर बघायला दोनशे पावलं मागं जावं लागलं असतं. मी गेलो नाही. आठवणीवर विसंबून शिरीषावर दोनशे बारा घातला. एका रस्त्यावर दोन दोनशे बारा उभे राहिले, आणि माझं अक्षर सुरेख असल्यानं दोन्ही लांबून दिसायचे.

मे महिन्यात हुकूम आला. दवाखान्याच्या दारातला लिंब रुग्णगाडीला आड येतो, सबब झाड क्रमांक दोनशे बारा काढण्यात यावं. अप्पा ठरल्याप्रमाणं संध्याकाळी गेला, लिंबाला सांगितलं, पाण्याची धार धरून पलीकडच्या बागेतल्या वडापर्यंत चालत गेला. सकाळी तो तोडणीवर हजर राहायचाच. पण नेमकं त्या दिवशी कुणा पाहुण्याच्या हस्ते झाड लावायचा समारंभ होता, आणि रोपं आणायला मीच त्याला रोपवाटिकेत पाठवलं. टेंभुर्णीच्या ठेकेदाराची माणसं सहाला आली, वळणाच्या बाजूनं आली, त्यांना पहिला दोनशे बारा दिसला तो शिरीषाचा. नवाच्या आत त्यांनी तो आडवा केला.

आम्ही दोघं दहाला पोचलो. रस्त्यावर शिरीषाचे ओंडके पडलेले, वाळक्या शेंगांचा खच. एका ओंडक्यावर माझा दोनशे बारा आभाळाकडं तोंड करून होता. अप्पानं तो वाचला. मग दोनशे पावलं चालत दवाखान्याच्या दारात गेला आणि तिथला वाचला. परत येऊन माझ्याकडं बघितलं.

"नंबर कुणी घातला?"

"मी."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हिंदुराव साहेबांनी मामला दोन मिनिटांत मिटवला. दोनशे बारा काढायचा होता, दोनशे बारा निघाला, फाईल बंद. लिंब कागदावर मेला आणि दारात उभा राहिला.

मावशी त्या दिवशी नेहमीच्या वेळी आली. शिरीषाचं खोड बघून थोडी हळहळली आणि फुटाण्यांची पाटी मांडून आपल्या जागेवर बसली. मी तिला छत्री आणून दिली. मे महिन्यातलं सोलापूर, साडेअकराचं ऊन, डांबर चपलेला चिकटत होतं.

"नको रे," ती म्हणाली. "गार हाय की हितं."

मला वाटलं, थट्टा करते. मी तिच्याशेजारी टेकलो. आणि खरंच गार होतं. डोक्यावर आभाळ उघडं, डोळे दिपतील असा उजेड, आणि अंगावर मात्र दाट झाडाखालचा गारवा. वारा नव्हता. तरी वरून, जिथं काहीच नव्हतं तिथून, वाळक्या शेंगा खुळखुळल्याचा आवाज आला.

मी उठलो तो थेट लिंबाखाली जाऊन थांबलो. लिंब हिरवागार, पानांनी भरलेला, सावली जमिनीवर काळीभोर. पण त्या सावलीत ऊन होतं. उघड्यावर लागतं तसं, मानेवर चटके बसणारं. झाडावर एकही पाखरू नव्हतं. एरवी तिथं रांग लावून बसणारी पेशंटची माणसं समोरच्या भिंतीच्या वीतभर सावलीत दाटीवाटीनं उभी होती, आणि का ते त्यांनाही सांगता आलं नाही.

अप्पाला सांगितलं तेव्हा तो बागेतल्या नळावर हात धूत होता.

"लिंबातलं वडावर गेलं. त्याला मीच नेलं," तो म्हणाला. "शिरीषाला कुणी सांगितलंच न्हाय. त्याचं झाड गेलं, ते तितंच हाय. आता जागा बघतंय."

"कुठली जागा?"

"जी जवळ बसती ती."

मग त्यानं मला त्याच्या बापाची गोष्ट सांगितली. एकतीस वर्षांत त्यानं कुणाला सांगितली नसावी, कारण सांगताना त्याला शब्द शोधावे लागत होते. बापानं मंद्रूपात एक बाभळ न सांगता तोडली, चुलीसाठी. नंतर तो अंगणात उभा राहायला लागला. आधी घटकाभर, मग दुपारभर. शेवटची चार वर्षं तो उभाच होता. जेवण कमी होत गेलं, पाणी वाढत गेलं. चिमण्या खांद्यावर बसायच्या आणि तो हाकलायचा नाही. "मेला तवा आडवा करायला सहा माणसं लागली," अप्पा म्हणाला. "पाय सुटंनात."

"मावशीला सांगा ना, तिथं बसू नको म्हणून."

"सांगून बघ."

मी सांगितलं. ती हसली आणि मूठभर फुटाणे दिले. तिसऱ्या दिवशी चिमण्या तिच्या पदरावर उतरायला लागल्या. पाचव्या दिवशी ती बोलायची थांबली. विचारलं तर उत्तर यायचं, पण उशिरा, आणि एकच: गार हाय. सातव्या दिवशी मी तिच्याकडं लांबून बघत उभा होतो. रस्त्यावरचा एक कागदाचा कपटासुद्धा हलत नव्हता, आणि ती हळूहळू डोलत होती, डावीकडून उजवीकडं, वाऱ्यात डोलावं तशी. रोज संध्याकाळी अप्पा तिला हाताला धरून उठवायचा. आठव्या दिवशी त्याला दोन्ही हात लावावे लागले. नवव्या दिवशी सकाळी तो कचेरीत आला आणि साहेब आत आहेत की नाहीत हेही न बघता म्हणाला, "बाळासो, काल तिला उठवताना पायाखालची माती वर आली. तुलाच चालावं लागंल."

"मला? तुम्ही असताना?"

"नंबर तू घातलास. न सांगता तोडलं ते तुझ्या हातनं. ते तुझं ऐकंल, माझं न्हाय."

शिरीषापासून लिंबापर्यंत दोनशे पावलं. लिंब रिकामा होताच, त्याला राहणारं हवं होतं. ह्याला जागा हवी होती. सरकारी क्वार्टर्सच्या वाटपाइतकं सोपं काम. बारा वाजता निघायचं, कारण तेव्हा सावली सगळ्यात लहान असते आणि उचलता येते. अप्पा लिंबापाशी उभा राहणार. मला फक्त सांगायचं होतं, चालायचं होतं, आणि मागं बघायचं नव्हतं.

"मागनं हाक येईल," तो म्हणाला. "तुला कन्नड येत न्हाय, म्हंजे वाद घालणार. कुणाच्याबी आवाजात हाक येईल. ओ द्यायची न्हाय."

मी रात्रभर तयारी केली. आईच्या आवाजात हाक आली तर, वारलेल्या आजोबांच्या आवाजात आली तर, बाईमाणसाच्या रडण्याचा आवाज आला तर. प्रत्येकाला मनात पाठ दाखवून बघितली. जमत होतं.

बाराचा भोंगा झाला. मी खोडाच्या कापलेल्या तोंडावर तीन बोटांनी विभूती ओढली. मावशी हातभर अंतरावर बसलेली, डोळे उघडे, माझ्याकडं बघत नव्हती. मी तळहात टेकला. तेवढं खोड बर्फाच्या लादीसारखं होतं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "नंबर मी घातला. तुमचं झाड तुम्हाला न सांगता गेलं. चला, दुसरी जागा बघितलीय. फार लांब नाही. माझ्या मागनं या."

तांब्याची धार धरून निघालो. दहा-बारा पावलांवर पाठीला गारवा लागला. मग शेंगा खुळखुळायला लागल्या, माझ्या डोक्याच्या जरा वर, माझ्या पावलांच्या तालावर. मी थांबलो असतो तर त्याही थांबल्या असत्या, असं वाटलं. शंभर पावलं झाली. आईची हाक आली, अगदी मोडनिंबच्या अंगणातली, जेवायला बोलावताना असते तशी. मी चालत राहिलो. दीडशेला आजोबा खोकले. मी चालत राहिलो, मनातून जरा फुशारलोही. समोर लिंब, लिंबाखाली अप्पा, तीस पावलं.

"बाळासो," मागून हिंदुराव साहेब म्हणाले, "ते दोनशे बाराचं रजिस्टर जरा घेऊन या."

"आलो साहेब," म्हणून मी वळलो.

आईला पाठ दाखवता येते. पाच महिन्यांच्या नोकरीत क्लार्क साहेबाला पाठ दाखवायला शिकत नाही.

रस्ता मोकळा होता. साहेब नव्हते, माणूसच नव्हतं. डांबरावर माझ्यामागं पाण्याची ओली रेघ, आणि त्या रेघेवर एक सावली पडलेली. पानापानांची, कडा थरथरणारी, भरघोस शिरीषाची. तिच्यावर झाड नव्हतं. ती माझ्या चपलांपासून हातभर अंतरावर थांबली होती. लांब वळणावर मावशी उठून उभी राहिली होती आणि पदर झटकत होती, झोपेतून जागं झाल्यासारखी इकडंतिकडं बघत होती. तिला सोडून ते निघालं होतं, एवढं खरं. आता ते माझ्याकडं बघत होतं.

मला पळायचं होतं. पण अंगठ्यांतून गारवा वर चढायला लागला होता, आणि खरं सांगतो, तो वाईट नव्हता. कसली घाई, असं वाटायला लागलं. उभं राहावं, एवढंच.

तेवढ्यात अप्पा मध्ये आला. तीस पावलं तो कधी चालला ते मला कळलं नाही. माझ्याकडं पाठ करून, सावलीच्या समोर तोंड करून उभा राहिला. माझ्या हातातला तांब्या मागच्या मागं ओढून घेतला आणि उरलेलं पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं. मग कन्नडात बोलला. बराच वेळ बोलला. मला एकच शब्द कळला. बा. म्हणजे ये.

माझे पाय सुटले. डांबर परत पोळायला लागलं.

"अप्पा, हे काय केलंत?"

"तू एकवीस वर्साचा हाईस," तो म्हणाला. "मी पुढल्या आठवड्यात रिटायर होतोय. मला तसंबी काय काम हाय." मग वळून मावशीकडं चालायला लागला. त्याच्या चालण्याबरोबर शेंगा वाजत होत्या.

कचेरीत येऊन चौकशी केली. हिंदुराव साहेब त्या दिवशी पहाटेच पुण्याला गेले होते.

एकतीस मेला अप्पाचा निरोप समारंभ झाला. पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास माणसं, पंखा बंद पडलेला. साहेबांनी हार घातला, भाषण केलं, आणि मध्येच थांबून म्हणाले की आज नवल आहे, अजिबात उकडत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पा हार घालून उभा होता. खुर्ची दिली होती, बसला नाही.

मी त्यानंतर रोज सकाळी आदल्या दिवशीचं शेवटचं झाड वाचून मगच पुढचा नंबर घालतो. कितीही मागं जावं लागलं तरी जातो.

अप्पा आणि मावशी गावी परतली. मंद्रूपला जायला मला वर्ष लागलं. पुढच्या मेमध्ये, बाजाराच्या दिवशी गेलो. घर विचारावं लागलं नाही. भर दुपारी अख्ख्या गल्लीची म्हातारी माणसं एका अंगणात बसलेली दिसली, उघड्यावर, डोक्यावर काही न घेता. अंगणाच्या मध्यभागी अप्पा उभा होता. हात अंगापासून जरासे सुटलेले. पटका तोच. कुणीतरी त्याच्या डाव्या हातावर लहान पोराचा सदरा वाळत घातला होता. त्याच्या पायाशी मावशी पाटी मांडून फुटाणे विकत होती, टवटवीत, गल्लीभराच्या चौकश्या करत.

"आलास व्हय," ती म्हणाली. "लई दिस लावलेस. आता बग, एकतीस वर्सांनी हे घरी थांबले."

ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "तांब्या तितं हाय. आलायस तर घाल की."

मी हौदातून तांब्या भरला आणि अप्पाच्या पायांवर ओतला. अंगणातली माती भिजली नाही. पाणी पायांच्या कडेनं सरळ खाली गेलं, आत कुणीतरी प्यायल्यासारखं. वर, माझ्या डोक्यापेक्षा उंचावर, शेंगा खुळखुळल्या. अप्पाचे डोळे माझ्याकडं वळले. ते वळायला वेळ लागला.

"नंबर," तो म्हणाला.

"नीट घालतो, अप्पा. मागचा वाचून घालतो."

त्याचे डोळे परत समोर गेले. मी त्याच्या हातावरचा सदरा उतरवला, घडी केली आणि भिंतीशी अदबीनं टेकवून ठेवला. त्यानं पाट्या ठेवल्या असत्या तसाच.

"बस की," मावशी म्हणाली आणि माझ्यासाठी जागा करून थोडी सरकली.

मी बसलो. गार होतं.